गिऱ्हाईक जात नाही, हे कळल्यावर

५ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलविरुद्धच्या खटल्याचा निकाल दिला. इंटरनेटवरच्या शोधाच्या धंद्यातली आपली मक्तेदारी कंपनीने बेकायदा मार्गांनी टिकवून धरली, हे त्याचं मुख्य सूत्र. त्याची बातमी जगभर झाली. माझं लक्ष मात्र पावणेतीनशेहून अधिक पानांच्या त्या निकालपत्रातल्या एका लहानशा उल्लेखापाशी अडलं. २०२० साली कंपनीने स्वतःपुरता एक अभ्यास केला होता. आपल्या शोधाचा दर्जा बराच खाली आला तर उत्पन्नावर काय परिणाम होईल, हा त्याचा विषय. उत्तर असं आलं, की उत्पन्न घटणार नाही.

तांदळात खडे मिसळणारा वाणी आपल्या पिढीने पाहिलेला आहे. परंतु शेरामागे किती खडे घातले म्हणजे गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानाची पायरी चढतं, याचा तक्ता त्याने कधी मांडला नसावा. त्याची गरजही नव्हती, कारण पलीकडचं दुकान दिसत होतं आणि गिऱ्हाईकही दिसत होतं. इथे हिशोब मांडला गेला, आणि दहा टक्के खड्यांनीही काही बिघडत नाही असं निघालं, असं म्हणावं लागेल. या अभ्यासावरून कंपनीने दर्जा मुद्दाम पाडला असं सिद्ध होत नाही, हे आधीच सांगितलं पाहिजे. उलट गूगल हेच सर्वांत उत्तम शोधयंत्र आहे, हे न्यायाधीशांनीही मान्य केलं आहे. त्यांचा मुद्दा निराळा होता. भाव वाढवला तरी गिऱ्हाईक जाणार नाही असा ज्याला भरवसा असतो, तो मक्तेदार. माल फुकट देणाऱ्याला भाव वाढवता येत नाही. त्याने दर्जा कमी केला तरी गिऱ्हाईक जाणार नसेल, तर तोही मक्तेदारच.

या गोष्टीची खरी गंमत, गंमत म्हणायची तर, पाव शतक मागे गेल्यावर कळते. १९९८ साली सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले दोन संशोधक विद्यार्थी. आपल्या शोधयंत्राची माहिती देणारा एक निबंध त्यांनी त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन इथल्या परिषदेत सादर केला. त्याच्या परिशिष्टात जाहिरातींविषयी चार शब्द आहेत. जाहिरातींवर पोसलेलं शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि वाचकाच्या गरजेपासून दूर जाईल, असं या दोघांनी स्वच्छ लिहून ठेवलं. सोबत उदाहरण दिलं. त्यांच्या यंत्रावर 'सेल्युलर फोन' असा शोध घेतला की सर्वांत वर एक अभ्यास येत असे, गाडी चालवताना फोनवर बोलल्याने चालकाचं लक्ष कसं उडतं याचा. फोन विकणाऱ्यांच्या पैशावर चालणारं शोधयंत्र हा निकाल पहिल्या क्रमांकावर कसं दाखवील, असा त्यांचा सवाल होता. सप्टेंबर १९९८ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि २००० च्या ऑक्टोबरात तिने जाहिराती विकायची आपली पद्धत सुरू केली.

सुरुवातीची काही वर्षं ते प्रामाणिकपणे वागले, असं मला वाटतं. जाहिरात आणि खरा निकाल यांत रंगाची भिंत होती. वरच्या जाहिरातींमागे फिकट रंगाचा पट्टा असे, बाकीच्या उजवीकडच्या रकान्यात असत, आणि शेंबड्या पोरालाही कळे की हे विकत घेतलेलं आणि हे मिळवलेलं. २०१३ मध्ये पट्टा गेला आणि 'जाहिरात' अशी एक पिवळी चकती उरली. २०१६ मध्ये संगणकाच्या पडद्यावरचा उजवा रकाना गेला. जाहिराती निकालांच्या डोक्यावर आल्या, चारपर्यंत. त्याच वर्षी चकती हिरवी झाली, म्हणजे खाली येणाऱ्या पत्त्यांच्या ओळीचा जो रंग तोच. जानेवारी २०२० मध्ये ती काळी झाली, आणि खऱ्या निकालांपुढेही तशीच बारीक चिन्हं आली. तेव्हा एवढी ओरड झाली की कंपनीला काही पावलं मागे यावं लागलं. यातला एकेक बदल घेतला तर तक्रार करावी असा नाही. भिंतीची एकेक वीट काढताना आवाज होत नाही.

आता हे का होतं? आमच्यासारख्यांची पहिली प्रतिक्रिया 'माजलेत, दुसरं काय' अशी असते. मोठं झालं की माणूस आळसावतो, संस्थाही आळसावते. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत तीस वर्षं काढली, तेव्हा मोठ्या संस्थेच्या आळसाबद्दल मला कुणी शिकवायला नको. पासबुक भरून द्यायला 'उद्या या', सही जुळत नाही म्हणून परत पाठवणं, जेवणाच्या सुट्टीची पाटी पावणेदोनला लावून पावणेतीनला काढणं. पण तो आळस होता. त्यातून बँकेला छदामाचा फायदा नव्हता. पडद्यावर आज आपण जे पाहतो त्याला आळस म्हणणं म्हणजे तिथल्या हुशार इंजिनिअरांचा अपमान आहे. चकतीचा रंग आळसाने बदलत नाही. एकेक छटा लाखो लोकांना दाखवून, कुणी कुठे बोट ठेवलं हे मोजून ती ठरवली जाते.

मला हा व्यवहार बँकेच्या भाषेत अधिक नीट कळतो. बँकेला दोन गिऱ्हाइकं असतात. एक ठेवीदार, तो पैसे आणून देतो. दुसरा कर्जदार, तो पैसे नेतो आणि जास्त व्याज देतो. मधल्या फरकावर बँक जगते. या कंपन्यांचंही तसंच आहे. आपण वापरणारे हे ठेवीदार. आपण आपला वेळ, आपलं लक्ष आणि आपल्याला काय हवं आहे याची माहिती तिथे ठेवतो. जाहिरातदार हा कर्जदार. आपलं लक्ष तो काही क्षण भाड्याने नेतो आणि त्याचे पैसे मोजतो. आपल्याला मिळणारं व्याज म्हणजे ती सेवा: चांगला निकाल, नकाशा, नातवंडांचे फोटो. कंपनी लहान असते आणि ठेवी हव्या असतात, तेव्हा व्याज भरघोस देते. ठेवीदार हलणार नाही असं कळलं, की व्याज कमी करायचा मोह होतो. त्यात तिच्या दृष्टीने वाईट काही नाही, फरक वाढतो.

हे केवळ कल्पनेतलं नाही. २५ ऑक्टोबर २०११ रोजी रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचा व्याजदर ठरवायची मुभा बँकांना दिली. तोवर तो रिझर्व्ह बँकच ठरवी. आठ वर्षं साडेतीन टक्के होता, त्या वर्षीच्या मे महिन्यात चार झाला होता. पुस्तकातल्या अर्थशास्त्राप्रमाणे आता चढाओढ लागायला हवी होती. काही लहान खाजगी बँकांनी दर वाढवलेही. मोठ्या बँका चारवर बसून राहिल्या, आणि २०१७ मध्ये स्टेट बँकेने एक कोटीपर्यंतच्या शिलकीवरचा दर साडेतीनवर आणला. म्हणून खाती बंद करणाऱ्यांची रांग लागली का? पेन्शन त्याच खात्यात, वीजबिल त्याच खात्यातून, लॉकर त्याच शाखेत, वारसदाराचं नाव तिथे लावलेलं. अर्ध्या टक्क्यासाठी एवढं सगळं उखडून कोण नेतो? बँकेतल्या साहेबांना हे ठाऊक असतं. त्याला आम्ही 'चिकट ठेवी' म्हणत असू, आणि शाखेत चिकट ठेवी जास्त असणं हे मॅनेजरच्या कर्तबगारीचं लक्षण मानलं जाई.

चिकटपणा इंटरनेटवर फुकट मिळतो असं मात्र नाही, तो विकतही घ्यावा लागतो. आपलं शोधयंत्र लोकांच्या हातातल्या फोनवर आणि संगणकावर आधीच बसवलेलं असावं, यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर दिले, हा आकडा याच खटल्यात उघड झाला. एकट्या ॲपलला २०२२ मध्ये सुमारे दोन हजार कोटी डॉलर मिळाले. आधी बसवलेलं बदलायला दोन मिनिटं लागतात. माणूस ती देत नाही. याचा उलटा पुरावाही निकालपत्रात आहे. मायक्रोसॉफ्टचं बिंग हे शोधयंत्र एरवी अमेरिकेत शंभरातले सहा शोध मिळवी. पण मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरवर, जिथे ते आधीच बसवलेलं असतं, तिथले ऐंशी टक्के शोध त्याच्याकडेच जात. तेच यंत्र, तोच दर्जा.

तरीही, इतका पैसा मिळत असताना आणखी ओरबाडायचं कशाला, असा प्रश्न उरतोच. इथे मला आमच्या शाखेचं 'टार्गेट' आठवतं. नवी शाखा उघडली की पहिली पाच वर्षं पंचक्रोशीतली खाती गोळा करण्यात जातात. मग एक दिवस असा येतो की उघडण्याजोगी सगळी खाती उघडून झालेली असतात. पण वरच्या कार्यालयातून येणारा आकडा काही थांबत नाही. गेल्या वर्षीपेक्षा पंधरा टक्के जास्त. मग आहे त्याच खातेदाराच्या गळ्यात विमा मार, त्याला कार्ड घ्यायला लाव, किमान शिलकीचा दंड कर. गूगल २००४ साली शेअरबाजारात उतरली. तेव्हापासून दर तिमाहीला वाढ दाखवावी लागते. इंटरनेट वापरणारं जवळपास सगळं जग आपल्या दारात आल्यावर वाढ आणायची कुठून? त्याच माणसाच्या त्याच पानावरून.

फेब्रुवारी २०१९ मध्ये नेमकं हेच झालं, आणि त्या वेळची अंतर्गत पत्रं खटल्यामुळे लोकांसमोर आली. तिमाहीचा आकडा गाठला जात नव्हता, म्हणून जाहिरात विभागाने धोक्याची सूचना दिली आणि शोध विभागालाही कामाला जुंपलं. त्या वेळी शोध विभागाचे प्रमुख बेन गोम्स होते. बंगळुरात वाढलेला हा माणूस गूगलच्या अगदी पहिल्या फळीतला. त्यांचं म्हणणं असं, की शोध विभाग पैशाच्या फार जवळ चालला आहे. लोकांनी किती शोध घेतले ही संख्या यशाचं माप मानायला त्यांचा विरोध होता, आणि त्याचं कारण कुठल्याही बँकवाल्याला चटकन पटेल असं आहे. शोधांची संख्या वाढवणं सोपं आहे, असं त्यांनी लिहिलं. चुकलेलं स्पेलिंग आपोआप दुरुस्त करून देणं बंद करा, निकालांची क्रमवारी सुधारणं थांबवा, संख्या वाढेल. म्हणजे माणसाला हवं ते पहिल्या फटक्यात मिळालं नाही की तो पुन्हा शोधतो, आणि प्रत्येक वेळी नव्या जाहिराती पाहतो. शाखेची कामगिरी जर दिवसभरात वाटलेल्या टोकनांवर मोजली, तर एकाच माणसाला तीन हेलपाटे घालायला लावणारा कारकून सर्वोत्तम ठरेल.

२०२० मध्ये गोम्स यांच्याकडून शोधाची सूत्रं जाहिरात विभाग सांभाळणाऱ्या प्रभाकर राघवन यांच्याकडे गेली आणि गोम्स शिक्षणविषयक कामाकडे वळले. या दोन गोष्टी जोडून निघणारा अर्थ कंपनी मान्य करत नाही. तिच्या मते शोधातला प्रत्येक बदल वापरणाऱ्याच्या भल्यासाठीच असतो. वाचकांनी आपापला अनुभव घेऊन ठरवावं.

शोधयंत्राखेरीज इतर ठिकाणीही हेच गणित चालतं. मध्यंतरी आमच्या कुकरची रिंग सैल झाली. पत्नीने एका ऑनलाइन दुकानात कुकरच्या कंपनीचं नाव, किती लिटरचा, सगळं नीट टाईप केलं. पहिल्या चार रिंगा भलत्याच कंपन्यांच्या, पाचव्या जागी एक अख्खा नवा कुकर, आणि प्रत्येकाखाली करड्या रंगात, चष्मा लावूनही मुश्किलीने दिसेल असं 'प्रायोजित'. हवी ती रिंग त्या दुकानात होती, पण पडदा दोनदा सरकवल्यावर. शेवटी कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानातून आणली. त्याने 'कुकर कुठला?' एवढंच विचारलं.

अमेरिकेतल्या व्यापार आयोगाने ॲमेझॉनवर २०२३ च्या जूनमध्ये जो दावा लावला, त्यातला एक तपशील माझ्यातल्या कादंबरीकाराला विसरता येत नाही. प्राइम सदस्य व्हायला एकदोन वेळा बोट दाबलं की पुरे. सदस्यत्व सोडायचं झालं तर, आयोगाच्या म्हणण्यानुसार, चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत. कंपनीत या रस्त्याला नाव होतं 'इलियड'. होमरचं महाकाव्य! दहा वर्षं चाललेल्या वेढ्याची कथा. नाव ठेवणारा माणूस वाचणारा होता आणि त्याला विनोदबुद्धीही होती, आणि आपण काय करतो आहोत याची पूर्ण जाणीवही. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने कसूर कबूल न करता २५० कोटी डॉलर देऊन हा दावा मिटवला. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई लावणं, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्यरचना करणं, असे प्रकार त्यात आहेत. यादी वाचताना मला आमच्या विमा विकायच्या दिवसांतले काही सहकारी ओळीने आठवत गेले.

कॅनडात जन्मलेले लेखक कोरी डॉक्टोरो यांनी २०२२ मध्ये या सगळ्या घसरणीला एक इंग्रजी शब्द दिला. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने पुढच्याच वर्षी त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. रविवारी सकाळी पोहे खाताना वाचायच्या पुरवणीत त्याचं मराठी करता येणार नाही; त्याच्या पोटात शौचाचा उल्लेख आहे, एवढं सांगून थांबतो. त्यांचा क्रम असा: कंपनी आधी वापरणाऱ्यांशी चांगली वागते, मग त्यांच्या जिवावर धंदेवाल्यांशी, आणि शेवटी दोघांनाही पिळून सगळं स्वतःकडे ओढते.

मला त्याहून जुनं एक पुस्तक अधिक उपयोगी वाटतं. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांचं, १९७० सालचं, 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. नायजेरियातली रेल्वे त्यांना कोड्यात टाकत होती. उत्तरेकडचा भुईमूग शेकडो मैलांवरच्या बंदरांत न्यायला रेल्वेला ट्रकची जबरदस्त स्पर्धा होती. स्पर्धेने रेल्वे सुधारायला हवी होती. ती सुधारली नाही. हर्शमन यांचं उत्तर असं, की ट्रक होते म्हणूनच सुधारली नाही. ज्यांना चांगल्या सेवेची सर्वाधिक चाड होती आणि जे आरडाओरडा करू शकत होते, तेच आधी ट्रककडे गेले. मागे राहिले ते गप्प बसणारे. थोडीशी स्पर्धा ही मक्तेदाराला कधीकधी सोयीचीच असते, कटकटे लोक परस्पर निघून जातात.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रिझर्व्ह बँकेने १९९३ मध्ये नव्या खाजगी बँकांना वाट मोकळी केली आणि दोनतीन वर्षांत आमच्या शाखेसमोर थंडगार काचेचं एक दालन उभं राहिलं. मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसून टेबलावर मूठ आपटणारे व्यापारी, डॉक्टर, वकील सहा महिन्यांत तिकडे गेले. आमच्याकडे उरले पेन्शनर, शिक्षिका, बाजारातल्या भाजीवाल्या. केबिन एकदम शांत झाली. वरून आलेल्या तपासनीसांनी तक्रारवही पाहिली, जवळजवळ कोरी. त्यांनी समाधान व्यक्त केलं.

पडद्यावरच्या दुनियेतले मूठ आपटणारे लोक म्हणजे संगणकातले जाणकार. ते जाहिराती अडवणारी साधनं बसवतात, डकडकगोसारख्या यंत्राकडे जातात, कुणी पैसे भरून शोध घेतात. त्यांचा त्रास संपतो, कंपनीचाही. मागे राहतो तो आपण. गेल्या वर्षीपेक्षा आज बरं आहे की वाईट, हे मोजायला आपल्याकडे कोरी वहीसुद्धा नाही.

२ सप्टेंबर २०२५ रोजी मेहता यांनी उपाय ठरवून दिला. सरकारने मागितलं होतं तसं क्रोम विकायला लावायला त्यांनी नकार दिला. दुसऱ्या कुणाला जागाच मिळू नये अशा अटींचे करार बंद. शोधाची काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यावी लागेल. मात्र फोनवर आधी बसवून घेण्यासाठी पैसे मोजायला मनाई नाही. प्रश्नांची उत्तरं देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आल्याने बाजाराचं चित्र बदलतं आहे, असं त्यांनी नमूद केलं.

त्याच वर्षी जूनमध्ये व्हॉट्सॲपवर जाहिराती येणार असं जाहीर झालं. हे ज्यांनी काढलं त्या यान कूम यांच्या टेबलावर म्हणे एक चिठ्ठी असे, सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांच्या हातची: जाहिराती नाहीत, खेळ नाहीत, क्लृप्त्या नाहीत. २०१४ मध्ये फेसबुकने १,९०० कोटी डॉलरना ते घ्यायचं ठरवलं. ॲक्टन २०१७ मध्ये बाहेर पडले, कूम २०१८ मध्ये. जाहिराती गप्पांच्या पानावर नाहीत, शेजारच्या 'अपडेट्स'च्या पानावर, असं तेव्हा सांगण्यात आलं. २०२१ च्या जानेवारीत खाजगी माहितीच्या नव्या अटींवरून गदारोळ झाला होता, तेव्हा आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या गटातले सहा जण तावातावाने सिग्नलवर गेले. महिनाभरात पाच परत आले. सहावे तिथेच आहेत. त्यांना सभेची तारीख आम्ही फोन करून कळवतो.